पेटीवरचे पद : शब्द गेल्यावर उरते काय?

गेल्या गणपतीतली गोष्ट. अनगोळात आमच्या गल्लीतल्या एका घरी आरती झाली आणि मंडळी प्रसाद घेत बसली होती. घरातला नातू नववीत आहे. त्याने आपला इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड मांडला आणि 'स्वयंवर' नाटकातले रुक्मिणीचे यमनातले ते प्रसिद्ध पद वाजवायला घेतले. बोटे तयार होती. एक स्वर चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी पाठ थोपटली. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली त्याची आजी तेवढी गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "बाळा, काय वाजवूलास रे?" मुलाने पदाचे नाव सांगितले. आजी म्हणाली, "व्हय, वळख लागली मला. पण ती काय म्हणत्या, ते काय ऐकू येईना बघ."

मंडळी हसली. वाद्यातून शब्द कसे ऐकू येणार, असे एकाने बोलूनही दाखवले. मला मात्र ते हसण्यावारी नेता आले नाही. मी मुलाच्या समोरचा कागद पाहिला. कोणीतरी मोबाईलवर पाठवलेले पदाचे स्वरलेखन त्याने छापून घेतले होते. त्यावर सारेगम होते, मात्रा होत्या, समेची खूण होती. शब्द नव्हते. मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो, शाळेत कन्नड शिकतो, घरी मराठी बोलतो. देवनागरी वाचतो, पण अक्षरे जुळवत. शब्द असते तरी त्याने ते पाहिले असते की नाही, कोण जाणे. आजीची तक्रार त्याच्या बोटांविषयी नव्हती. त्या कागदावरून गळालेल्या ओळीविषयी होती.

गायचे पद वाद्यावर एकट्याने वाजवायचे, तेव्हा शब्दांचे काय करायचे? संगीतावर लिहिणाऱ्यांनी आपल्याकडे या प्रश्नाचा फारसा विचार केलेला नाही. आपल्या भागात तर तो नुसता संगीताचा प्रश्न राहत नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकात हा उद्योग फार गांभीर्याने झाला. तिथले वाद्य होते पियानो. ध्वनिमुद्रण तेव्हा नव्हते. ऑपेराला किंवा मैफलीला जाणे सर्वांना परवडणारे नव्हते. गाजलेले गाणे घरी ऐकायचे तर कोणीतरी ते पियानोवर वाजवायला हवे, आणि त्यासाठी कोणीतरी ते पियानोच्या भाषेत लिहून ठेवायला हवे. थालबर्ग (१८१२–१८७१) हा त्या काळातला नामांकित पियानोवादक. त्याने १८५३ साली 'पियानोवर गाण्याची कला' अशा अर्थाच्या नावाची एक मालिकाच प्रसिद्ध करायला घेतली. ऑपेरातली आणि इतर गाजलेली गाणी त्याने एकट्या पियानोसाठी उतरवली. त्याची एक युक्ती प्रसिद्ध आहे. चाल तो दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये वाटून मधल्या सप्तकात ठेवी आणि उरलेल्या बोटांनी तिच्या खालीवर साथ विणी. ऐकणाऱ्याला वाटे, तीन हात वाजवताहेत. पण त्या मालिकेच्या प्रस्तावनेत तो या करामतीपेक्षा निराळ्या गोष्टीवर भर देतो. ज्याला पियानोवर गाणे वाजवायचे त्याने गाणे शिकावे, आपण स्वतः काही वर्षे ते शिकलो, असे तो सांगतो.

दुसरे नाव लिस्टचे. शूबर्ट (१७९७–१८२८) हा अल्पायुषी संगीतकार गीतांचा राजा. लिस्टने त्याची पन्नासहून अधिक गीते पियानोसाठी लिहून काढली. त्यातले 'एर्लकोनिग' हे गीत म्हणजे गटेची एक कथाकविता. तिच्यात निवेदक, बाप, तापाने फणफणलेला मुलगा आणि त्याला ओढून नेणारा राजा असे चौघे बोलतात. गायक एकच असतो. आवाज बदलून तो चौघांना वेगळे करतो. पियानोवर शब्दच नाहीत, तर चौघे वेगळे ओळखू कसे यावेत? लिस्टने बापाला खालच्या सप्तकात बसवले, मुलाला वर नेले, राजाच्या लाडीगोडीला हलका, तरंगता हात दिला. म्हणजे शब्दांचे काम त्याने वाद्याच्या गुणांकडून करून घेतले. माझ्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शूबर्टची ही रूपांतरे छापताना स्वरांबरोबर गीताचे शब्दही छापावेत, असा लिस्टने प्रकाशकाकडे आग्रह धरला. गायला कोणी नाही आणि तरी शब्द छापायचे! ते कोणासाठी? वाजवणाऱ्यासाठी. शब्द समोर असले म्हणजे कुठे श्वास घ्यावा, कुठे थबकावे, कुठले अक्षर जड आणि कुठले हलके, हे बोटांना कळते. अनगोळच्या आजीने जे मागितले तेच लिस्टने प्रकाशकाकडे मागितले होते.

आता आपल्या घरी येऊ. अनगोळात पियानो कुठला? आमचा पियानो म्हणजे पेटी. तीही मूळची परदेशीच. पॅरिसच्या दबँने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारायचे वाद्य होते. जमिनीवर मांडी घालून वाजवायची, मागचा भाता डाव्या हाताने हलवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्याने त्या शतकाच्या अखेरच्या पर्वात रूढ केली. महाराष्ट्रात आणि आपल्या भागात ती घरोघर शिरली ती प्रामुख्याने नाटकाच्या मागोमाग. नाटक कंपन्यांत पायपेटी आणि ऑर्गन होते, भजनी मंडळात पेटी, कीर्तनात पेटी. नाटकाची पदे शिकायची तर पेटीवर आणि गाणारा कोणी नसेल तर नुसती ऐकायची तीही पेटीवरच.

आणि त्या पदांचा जन्म कुठला? संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८४३ चा त्यांचा जन्म. बेळगावात त्यांनी नोकरीत वर्षे काढली. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आले, १८८२ साली 'सौभद्र'. या नाटकांत साक्या आहेत, दिंड्या आहेत, लावणीच्या वळणाच्या चाली आहेत आणि कर्नाटकी चालीही आहेत. कन्नड गाणी कानावर घेत वाढलेल्या माणसाला त्या बाहेरून आणाव्या लागल्या नसतील. त्या काळी नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापत. पुढे 'मानापमान' (१९११) रचताना गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. म्हणजे गाण्यातून शब्द काढून चाल ठेवण्याचा व्यवहार आमच्या रंगभूमीच्या पाळण्यातच आहे. तिथे फरक एवढाच होता की, एका भाषेचे शब्द उठले त्या जागी लगेच दुसऱ्या भाषेचे शब्द येऊन बसले. एकट्या पेटीवर मात्र ती जागा रिकामी राहते. ती रिकामी आहे हे ऐकणाऱ्याला जाणवू न देणे, ही या कलेची कसोटी आहे.

पेटीवर आपल्याकडे शंभर वर्षे खटला चालला आहे. त्या खटल्यातली कलमे सर्वांना पाठ आहेत. पहिले कलम श्रुतींचे. सप्तकाचे बाराशे भाग कल्पिले तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार ३८६ वर येतो. पेटीचा आणि पियानोचा गंधार ४०० वर बसवलेला असतो. चौदा भागांचा हा चढेपणा तयार कानाला खुपतो. दुसरे कलम मींडेचे. पट्टी एक तर दाबलेली असते नाहीतर सुटलेली. दोन स्वरांमधल्या वाटेवर पेटीला चालता येत नाही. दरबारीचा झुलणारा गंधार तिच्यावर झुलत नाही. रवींद्रनाथांना पेटी नकोशी होती. १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढले ते १९७१ पर्यंत; त्यानंतरही साथीपुरतीच वाट मोकळी झाली आणि एकलवादनाला दार बराच काळ बंद राहिले. श्रुतींच्या कलमावर उपाय शोधणारेही झाले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात श्रुतिपेटी घडवून घेतली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पण नाट्यपदाच्या बाबतीत या खटल्यात एक कलम लावायचेच राहून गेले, असे मला वाटते. ते म्हणजे व्यंजनांचे.

जरा स्पष्ट करतो. पेटीला स्वर धरता येतो. भाता चालू आहे तोवर सूर चालू राहतो. तो फुगवता येतो, बारीक करता येतो. पियानोचे उलटे आहे. हातोडी तारेवर पडली की स्वर उमटतो आणि त्या क्षणापासून विझू लागतो. त्यामुळे पियानोच्या प्रत्येक स्वराला ठसठशीत सुरुवात असते, पण पुढे दम नसतो. पेटीच्या स्वराला दम असतो, पण सुरुवात मवाळ. वर्णमालेच्या भाषेत सांगायचे तर पियानो हे व्यंजनांचे वाद्य आणि पेटी हे स्वरांचे, म्हणजे अ आ इ ई चे. पेटीवर आलाप सुखाने चालतो, कारण आलाप आकाराचाच असतो. पद मात्र क ख ग घ चे असते. पेटीवर 'क' कसा म्हणायचा?

एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या गावाचे नाव. २०१४ साली सरकारदरबारी ते बेळगावी झाले. तो वाद इथे बाजूला ठेवू आणि दोन्ही नावे केवळ वादकाच्या कानाने ऐकू. समजा, एकाच पंचमावर हे नाव म्हणायचे आहे. मराठीत आपण 'बेळ्-गाव्' म्हणतो. 'बे' लांब, त्याला 'ळ'ची कडी. 'गा' लांब, त्याला 'व'ची कडी. म्हणजे दोन जड ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या शेवटी दार लावल्यासारखे. कन्नडमध्ये तेच चार पावलांत चालते. पहिला 'बे' ऱ्हस्व, 'ळ' ऱ्हस्व पण पूर्ण, 'गा' दीर्घ, 'वि' ऱ्हस्व. आखूड, आखूड, लांब, आखूड. आणि शेवट उघडा, कारण कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो. आता पेटीवर पंचमाच्या पट्टीवर बोट ठेवून बघा. मराठी नाव म्हणायचे तर पट्टी दोनदा दाबावी लागेल आणि दोन्ही वेळा सुटताना ती चटकन सोडावी लागेल. कन्नड नाव म्हणायचे तर चार वेळा दाबावी लागेल, आणि शेवटचा स्वर न तोडता विरू द्यावा लागेल. स्वरलेखनात दोन्ही ठिकाणी लिहिलेले असणार एकच अक्षर : प. त्या 'प'च्या पोटात मराठी आहे की कन्नड, हे बोटाच्या उचलण्यात ठरते, दाबण्यात नव्हे.

पदांत अशा जागा पावलोपावली असतात. एकाच स्वरावर तीन-चार अक्षरे लागोपाठ येतात. आळशी वादक तिथे पट्टी दाबून धरतो. सूर लांबतो, अक्षरे बुडतात. जागरूक वादक प्रत्येक अक्षराला पट्टी पुन्हा दाबतो. कधी तेच बोट उचलून, कधी दुसरे बोट त्याच पट्टीवर सरकवून. जोडाक्षर आले की आधीच्या स्वरावर भात्याचा हलका धक्का देतो. अनुनासिकावर सूर किंचित आत ओढतो. शब्द संपून दुसरा सुरू होताना भाता क्षणभर थांबवतो. ऐकणाऱ्याला तो श्वास वाटतो. आणि मींड? ती येत नाहीच, पण कणस्वराचा स्पर्श देऊन तिची आठवण करून देता येते. ही सर्व कामे शब्द माहीत असल्याशिवाय होणे शक्य नाही. स्वर पाठ करून ती साधत नाहीत, कारण ती स्वरांत लिहिलेलीच नसतात.

या दृष्टीने आपल्या नामवंत पेटीवादकांकडे पाहावे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे, 'मानापमान'चे संगीतकार, १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक आणि स्वतः रंगभूमीवर उभे राहून गाणारे नट. पद कसे जन्मते, ते नटाच्या तोंडी कसे बसते आणि प्रेक्षक कुठल्या शब्दाला मान डोलावतो, हे तिन्ही त्यांना माहीत होते. पेटीवरचा त्यांचा अधिकार या त्रिविध अनुभवातून आला असे मानायला हरकत नाही.

पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांची पेटी वेगळ्या स्वभावाची. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या तो तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचा जमाना. ज्या पदाला रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत अर्धा-अर्धा तास रंगवीत, ते तेवढ्यात बसवायचे. मधुकरांनी त्यातून एक चमकदार शैली निर्माण केली. विजेसारखी बोटे, मोत्यांसारख्या सुट्या ताना, मुखड्यावर अचूक उडी. ही पेटी ऐकताना छाती दडपते. पण खरे सांगायचे तर अशा वादनात पद हे निमित्त होते. आपण वाद्याला दाद देतो आणि रुक्मिणीला किंवा भामिनीला विसरतो. हा दोष नव्हे, ती एक निवड आहे. मात्र त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी वेग घेतला आणि त्या वेगातही टिकलेली लयीची जाण मागे ठेवली. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) हे गोव्याच्या बोरीचे. त्यांनी हा वारसा घेऊन तो अधिक संथ आणि गायनाला अधिक जवळचा केला, असे माझे मत आहे.

आणि गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६). छोटा गंधर्वांसारख्या गायकनटाच्या गाण्याच्या छायेत वर्षानुवर्षे वावरलेला हा माणूस. त्यांचे पद ऐकताना काय होते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना सांगायला नको. ताना आहेत, हरकती आहेत, पण त्या गायकाने घेतल्या असत्या तेवढ्याच आणि तिथेच. मुखड्याचे शब्द दुसऱ्यांदा येतात तेव्हा किंचित वेगळ्या वजनाने येतात, कारण नट तेच शब्द दुसऱ्यांदा वेगळ्या भावाने म्हणतो. ऐकणारा नकळत पुटपुटू लागतो. पद वाजवण्याच्या कलेत, माझ्या समजुतीप्रमाणे, याहून पुढे जाता येत नाही. पेटीला शब्द आले असे नव्हे. पेटीने आपल्या तोंडातून ते काढून घेतले.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. वाद्याला भाषा नसते, तेच त्याचे मोठेपण, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. सीमाभागात तर या म्हणण्याला एक गोड अर्थही आहे. बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्याकडे पेटी शिकायला मराठी घरातली मुले आली आणि कन्नड घरातलीही आली. सूर सर्वांचे सारखेच. पेटीपुढे बसताना कोणाला मातृभाषा विचारायचे कारण काय?

कारण नाही, हे कबूल. ख्यालापुरते तर हे म्हणणे पूर्ण मान्य आहे. तिथे शब्द सुरांना टेकू देण्यापुरते असतात. पण विजापुऱ्यांचेच उदाहरण नीट पाहिले तर ते उलट बाजूला जाते. त्यांनी पेटीबरोबर गायनाचीही तालीम घेतली होती. थालबर्गची अट त्यांनी न वाचताच पाळली होती. शिवाय इथल्या साथीदाराला केवळ राग येऊन भागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ख्यालानंतर बसवण्णांची वचने गात. भीमसेन जोशी एका मैफलीत संतवाणी गात, दुसरीत दासवाणी; आज तुकोबा, उद्या पुरंदरदास; विठ्ठल तोच. पण तुकोबांच्या अभंगाला वजन पडते ते एका अक्षरावर आणि दासांच्या पदाला दुसऱ्या. दोन्हीकडे एकच हात चालवणारा पेटीवाला इथे टिकत नाही. तेव्हा सीमाभागातली चांगली पेटी भाषाहीन नसते. ती द्वैभाषिक असते. ही दोन फार वेगळी विधाने आहेत, आणि आपल्या घरांतूनही त्यांची नेहमी गल्लत होते. दोन भाषा नीट येणे निराळे आणि दोन्ही अर्ध्यामुर्ध्या येऊन शेवटी एकही नको वाटणे निराळे.

आता पुन्हा त्या कागदाकडे येतो. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग काढले, तेव्हा स्वरांच्या ओळीखाली शब्दांची ओळ असलीच पाहिजे ही त्यांची रीत होती. अक्षर लांबले तर त्यापुढे अवग्रहाचे चिन्ह, कण असेल तर तो बारीक अक्षरात वर, मींड असेल तर वर कमान. कुठला स्वर कुठल्या अक्षराला, हे पाहताक्षणी कळते. आज मोबाईलवर फिरणाऱ्या स्वरलेखनांतून ही खालची ओळ सर्रास गळते. लिहिणाऱ्याला वाटते, वाद्यासाठी शब्द कशाला? जागा वाचते, काम लवकर होते. पण ती ओळ गेली की बेळगाव आणि बेळगावी यांतला फरक गेला. उरला नुसता 'प'.

की-बोर्डने यात आणखी भर घातली आहे. त्याच्या डाव्या बाजूला आयते ताल आहेत आणि कॉर्ड लावण्याची सोय आहे. हाताच्या पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो, त्यामुळे आपल्याला हा मोह कधी झालाच नाही. आता डावा हात मोकळा झाला आणि त्याला काहीतरी काम हवे. सिनेगीतांच्या सवयीने तो शुद्ध मध्यमावरचा कॉर्ड लावतो, आणि उजवा हात तेव्हा यमनचा तीव्र मध्यम वाजवत असतो. दोघांची जी टक्कर होते तिला नवीन पिढी 'भरलेला आवाज' म्हणते. मी की-बोर्डच्या विरुद्ध नाही. पेटीलाही शंभर वर्षांपूर्वी हेच ऐकून घ्यावे लागले होते. डाव्या हाताला काम द्यायचेच तर षड्ज-पंचमाची संथ आस देता येईल. पदाचा एक विराम त्यातून भरता येईल. थालबर्गने डावा हात चालीच्या सेवेला लावला, चालीच्या डोक्यावर बसवला नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

प्रश्न मला खरोखर भिवविणारा आहे तो असा. पेटीवरचे पद बोलके होते ते निम्मे वादकामुळे आणि निम्मे ऐकणाऱ्यामुळे. गोविंदरावांची पेटी ऐकून जे पुटपुटत त्यांना शब्द आधीपासून येत होते. नाटक पाहून, रेडिओवर ऐकून, आईच्या तोंडून येत होते. वादक आठवण जागी करी. जिथे आठवणच नाही तिथे तो काय जागे करणार? आमच्या भागात असे ऐकणारे आता घरोघर दोन-एक उरले आहेत, तेही बहुधा कोपऱ्यातल्या खुर्चीवर. पुढच्या पिढीच्या कानावर ही चाल पडेल. ती गोडही लागेल. पण ती एका रिकाम्या घरासारखी असेल. किर्लोस्करांनी कन्नड शब्द उठवून तिथे मराठी बसवले, त्यात कोणाचे काही हरवले नाही. कन्नड गाणे कन्नडमध्ये राहिलेच होते. आता मराठी शब्द उठले आणि त्यांच्या जागी कोणीच आले नाही, तर ते हरवणेच म्हणायला हवे.

उपाय मोठा नाही. सभा नको, ठराव नको. पद शिकवणाऱ्याने आधी ते म्हणून घ्यावे. आवाज कसा का असेना. स्वरलेखन उतरवून देणाऱ्याने शब्दांची ओळ गाळू नये. आणि घरातल्या ज्येष्ठांनी टाळ्या वाजवण्याआधी विचारावे की, ती काय म्हणते?

दसऱ्याच्या सुमारास मी त्या घरी पुन्हा गेलो. की-बोर्डसमोर तोच कागद होता, पण स्वरांच्या खाली आता पेनाने एक ओळ लिहिलेली होती, आणि ती कन्नड लिपीत होती. आजीने सांगितले ते शब्द मुलाने त्याला हात सरावलेल्या अक्षरांत लिहून घेतले होते. कन्नडमध्ये 'ए' दोन असतात, एक आखूड, एक लांब. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी हा लांब की आखूड, असे त्याने आजीला विचारले, आणि आपल्या मराठीत तो लांबच असतो हे त्याला, आणि बहुधा आजीलाही, पहिल्यांदाच कळले. मी काही बोललो नाही. लिपी कुठली याचे मला त्या क्षणी काही वाटले नाही. ओळ जागेवर आली होती.

त्याने वाजवून दाखवले. पूर्वीपेक्षा सावकाश, दोन-तीन ठिकाणी अडखळत. या वेळी स्वर चुकलेही. मधे एका जागी आजीने हात वर केला.

"तिथं दम घे रे. रुक्मिणी काय धावत आल्या व्हय?"

मुलाने बोट उचलले, क्षणभर थांबला आणि पुढच्या शब्दावर आला.